कारखान्याचे वीजबिल कुठे कमी होते

उच्चदाब वीजजोडणी असलेल्या कारखान्याच्या बिलात तीन हिशेबांची बेरीज असते. महिनाभरात एकूण किती वीज वापरली, एका वेळी जास्तीत जास्त किती भार टाकला आणि तो दिवसाच्या कोणत्या प्रहरात टाकला, हे ते तीन हिशेब. घरच्या बिलात फक्त युनिट मोजण्याची सवय झालेली असल्यामुळे पहिल्याच हिशेबाकडे लक्ष जाते. मग दिवे बदलले जातात, पंखे बंद करण्याच्या सूचना भिंतींवर लागतात आणि तरीही बिल फारसे हलत नाही. कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या घ्या, नाही तर भोसरी, सातपूर, वाळूजची मशीन शॉप. खर्च कमी करण्याचे काम सगळीकडे बिलाच्या कागदापासून सुरू करावे लागते. यंत्रांची पाळी त्यानंतर येते.

कागदावर 'मागणी आकार' म्हणून जी ओळ असते ती एका वेळच्या भाराची. कारखान्याने महावितरणशी ठरावीक केव्हीएचा करार केलेला असतो. त्याला करार मागणी, बोलीभाषेत कॉन्ट्रॅक्ट डिमांड म्हणतात. मीटर पंधरा किंवा तीस मिनिटांच्या प्रत्येक कालखंडाची सरासरी काढत असतो आणि महिन्यातली सर्वांत मोठी सरासरी नोंदवून ठेवतो. मोटर सुरू होताना काही सेकंद जो जबर प्रवाह ओढते त्याची धास्ती अनेक सुपरवायझर घेतात. या सरासरीत तो जवळजवळ विरून जातो. नडते ते अर्धा-अर्धा तास एकमेकांवर चढलेले काम. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या सकाळी गार पडलेली भट्टी, हीट ट्रीटमेंटची ओव्हन आणि रिकाम्या टाक्या भरणारे कॉम्प्रेसर हे सगळे सातच्या ठोक्याला सुरू झाले, तर महिन्याची मागणी त्याच अर्ध्या तासात ठरते.

त्याची किंमत उदाहरणाने कळते. करार २५० केव्हीएचा आहे, नोंद झाली २८० ची, आणि मागणी आकाराचा दर ५५० रुपये धरला. २८० केव्हीएचे १,५४,००० रुपये तर द्यावेच लागतात. शिवाय राज्याच्या दरआदेशांत चालत आलेल्या नियमाप्रमाणे वरच्या ३० केव्हीएवर दराच्या दीडपट जादा आकार, म्हणजे आणखी २४,७५० रुपये. मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वोच्च बिल-मागणीच्या ७५ टक्के, हाही एक किमान निकष असल्याने त्या सकाळचे २१० केव्हीए पुढच्या मंदीच्या महिन्यांतही पाठ सोडत नाहीत. लोड फॅक्टर, म्हणजे शक्य तेवढ्या वापराच्या तुलनेत प्रत्यक्ष वापराचे प्रमाण, ७५ टक्क्यांच्या वर ठेवणाऱ्या कारखान्याला जी सवलत मिळत आली आहे तीही करार मागणी ओलांडलेल्या महिन्यात जाते. तीन पाळ्या चालणाऱ्या भट्टीवाल्याला ही सवलत मोठी असते, कारण तिची कमाल मर्यादा १५ टक्के आहे. अर्ध्या तासाचा हा निष्काळजीपणा म्हणून एका दंडावर भागत नाही.

उपाय साधा आहे, पण तो शिस्तीचा आहे. ओव्हन सातला, भट्टी पावणेआठला, दुसरा कॉम्प्रेसर त्यानंतर, असे सुरुवातीचे वेळापत्रक पॅनेलवर चिकटवून पाळणे एवढ्यावर बरेच काम भागते. भार मर्यादेजवळ येताच भोंगा वाजवणारा किंवा कमी महत्त्वाचे यंत्र आपोआप बंद करणारा डिमांड कंट्रोलर त्यापुढचा टप्पा. उलट प्रकारही आढळतो. तेजीच्या काळात ५०० केव्हीएचा करार करून ठेवलेला, आता मागणी २०० च्या पुढे जात नाही, पण कराराच्या ठरावीक टक्क्यांइतके किमान पैसे दर महिन्याला जातात. करार मागणी अर्ज करून कमी करता येते. मात्र पुन्हा वाढवायची झाल्यास वेळ आणि पैसा दोन्ही लागतात, म्हणून बारा महिन्यांची बिले समोर ठेवूनच आकडा ठरवावा.

युनिटच्या हिशेबात पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण भारातला प्रत्यक्ष कामाच्या भाराचा वाटा, लपलेला असतो. मोटर, वेल्डिंग सेट, ट्रान्स्फॉर्मर यांना चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी जी वीज लागते ती कामात खर्च होत नाही. यंत्र आणि ग्रिड यांच्यात ती नुसती येरझाऱ्या घालते. पण तारांना आणि ट्रान्स्फॉर्मरला तिचाही भार वाहावा लागतो. महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर, म्हणजे हा निष्क्रिय भार धरून येते. पूर्वी पॉवर फॅक्टरसाठी वेगळी सवलत किंवा वेगळा दंड दिसत असे, आता तो युनिटच्या आकड्यातच मिसळला आहे आणि त्यामुळे नजरेतून सुटतो. प्रत्यक्ष काम १०,००० युनिटचे झाले आणि पॉवर फॅक्टर ०.९० असेल, तर बिल ११,१११ युनिटचे येते, ०.९९ असेल तर १०,१०१ चे. युनिटचा दर ८ रुपये धरला (पुढेही सोयीसाठी हाच धरला आहे) तर दर १०,००० युनिटमागे सुमारे ८,००० रुपयांचा फरक पडतो, आणि तोही एकाही यंत्राला हात न लावता.

हा फरक कपॅसिटर बँक भरून काढते. भार बदलेल तसे कपॅसिटर आत-बाहेर करणारे एपीएफसी पॅनेल बहुतेक कारखान्यांत असतेच. ते चालू आहे का, हा खरा प्रश्न. कपॅसिटर हळूहळू मरतो. वरून धड दिसतो, कॉन्टॅक्टर ओढला जातो, पण क्लॅम्प मीटर लावला की प्रवाह पाटीवरच्या आकड्याच्या निम्मा निघतो. इंडक्शन भट्टी आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) जिथे आहेत तिथे हार्मोनिक्समुळे कपॅसिटर फुगण्याचे प्रमाण जास्त, म्हणून तिथे डीट्यून्ड रिअॅक्टर जोडलेले पॅनेल लागते. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या कारखान्यात कपॅसिटर चालू राहिले तर पॉवर फॅक्टर लीडिंग बाजूला जातो, आणि तेही तोट्याचेच.

तिसरा हिशेब घड्याळाचा, म्हणजे टाइम ऑफ डे दराचा. महाराष्ट्रातल्या उद्योगांनी अनेक वर्षे एक वेळापत्रक पाठ केले होते. रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सवलत. सकाळी ९ ते १२ ऐंशी पैसे जादा आणि संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जादा. रात्रपाळीला भट्टी पेटवण्याची पद्धत त्यातूनच रुजली. सौरऊर्जेने हे गणित उलटे केले. दुपारी ग्रिडमध्ये स्वस्त वीज मुबलक असते आणि सूर्य कलला की टंचाई सुरू होते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सौर तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि व्यावसायिक व औद्योगिक ग्राहकांसाठी सर्वाधिक मागणीच्या तासांतला दर किमान १.२ पट ठेवण्याची दिशा दिली. १० किलोवॉटहून अधिक मागणी असलेल्या अशा ग्राहकांसाठी त्याची मुदत १ एप्रिल २०२४ होती. नेमके तास आणि पैसे राज्य वीज नियामक आयोगाच्या चालू दरआदेशात पाहावेत, ते बदलत असतात. जुन्या वेळापत्रकावर रात्रपाळी लावून बसलेल्या कारखान्याने मात्र ती पाळी आता परवडते का, हे ताज्या बिलावर तपासायला हवे. रात्रपाळीचा भत्ता, वाहतूक आणि वाढणारी नापास कास्टिंग्ज हा खर्च वीजबिलात दिसत नाही, पण तो होतोच.

बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत पैसे भरल्यास मिळणारी एक टक्का सूट ही यातली सर्वांत सोपी बचत. अकाउंटंटच्या टेबलावर बिल पडून राहिल्याने ती हुकते.

कागद वाचून झाला की कारखान्यात शिरण्याआधी एक चाचणी करावी, तिला उपकरण लागत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री शेवटची पाळी सुटल्यावर मीटरचा आकडा लिहून ठेवायचा आणि सुट्टीनंतर पहिले यंत्र सुरू होण्याआधी पुन्हा लिहायचा. मधल्या ३६ तासांत ५४० युनिट पडले असतील, तर कोणीही काम करत नसताना १५ किलोवॉटचा भार सतत चालू होता. वर्षाच्या ५२ सुट्ट्यांचे हे २८,०८० युनिट, म्हणजे सव्वादोन लाख रुपये होतात. ट्रान्स्फॉर्मरचा स्वतःचा निष्फळ खर्च यात असतो, पण तो थोडा. उरलेले शोधायला गेले की गळत्या हवेला पुरवठा करत राहिलेला कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवरचा पंप, सीएनसी यंत्रांचे चालू राहिलेले हायड्रॉलिक पॅक, पॅनेलचे एसी, आवारातले दिवे अशी यादी निघते. सुट्टीच्या दिवशी हे चालते म्हणजे जेवणाच्या सुट्टीतही चालते आणि ऑर्डर नसलेल्या पाळीतही. या चाचणीचा आकडा ज्याला ठाऊक नाही त्याने नवे यंत्र विकत घेण्याची घाई करू नये.

यादीतला कॉम्प्रेसर बहुतेक वेळा पहिला गुन्हेगार ठरतो. दाबाखालची हवा ही कारखान्यातली सर्वांत महाग ऊर्जा. कॉम्प्रेसर जी वीज घेतो तिचा मोठा भाग उष्णता होऊन निघून जातो. हत्यारापर्यंत पोचणारे काम दहा ते तीस टक्क्यांच्या घरात असते. तरीही कामगार कपड्यांवरची धूळ हवेनेच उडवतो आणि चिप्सही हवेनेच साफ करतो, कारण हवा फुकट वाटते. सात बार दाबाच्या लाइनला तीन मिलिमीटरचे एक भोक पडले, तर त्यातून सुमारे तीन किलोवॉट वीज सतत वाहून जाते. चोवीस तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर २१,६०० युनिट, पावणेदोन लाखांच्या आसपास. असे भोक दिसत नाही, ऐकू येते, आणि यंत्रांच्या आवाजात तेही येत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी लाइन भरून ठेवायची आणि साबणाचे पाणी व ब्रश घेऊन प्रत्येक सांधा, क्विक कपलिंग, एफआरएल युनिटची वाटी, ड्रेन व्हॉल्व्ह आणि सोलेनॉइडचे तोंड पाहत फिरायचे. गळती मुख्य पाइपला क्वचित, शेवटच्या दोन मीटरच्या होजला हमखास.

एकूण गळती किती हेही घड्याळावर मोजता येते. सगळी यंत्रे बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवावा. तो २ मिनिटे लोड घेतो आणि ६ मिनिटे अनलोड राहतो, असे चक्र दिसले, तर आठपैकी दोन मिनिटे तो फक्त गळती भरून काढतो आहे. म्हणजे त्याच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा वाया जाते. नीट सांभाळलेल्या लाइनवर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत ठेवता येते. दाबाचेही तेच. एखाद्या कोपऱ्यातल्या यंत्राला हवा कमी पडते म्हणून सगळ्या कारखान्याचा दाब सहावरून साडेसात बारवर नेलेला असतो. दाब एक बारने उतरवला की कॉम्प्रेसरची वीज ६ ते १० टक्क्यांनी कमी होते, शिवाय गळतीही मंदावते. त्या कोपऱ्यातल्या यंत्रासाठी जवळ छोटी टाकी बसवणे किंवा अरुंद पाइप बदलणे हा स्वस्त मार्ग. कॉम्प्रेसरची खोली पत्र्याखाली कोंडलेली असेल तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढतो. आत जाणाऱ्या हवेचे तापमान चार अंशांनी वाढले की वीज साधारण एक टक्क्याने वाढते.

फाउंड्रीत मात्र भट्टीपुढे बाकी सगळे किरकोळ. लोखंड वितळवून ओतण्याच्या तापमानाला नेण्यासाठी शास्त्रीय हिशेबाने टनामागे ४०० युनिटच्या आत ऊर्जा पुरते. प्रत्यक्षात इंडक्शन भट्टी ५५० ते ७०० युनिट घेते. मधला फरक थोडा यंत्राचा, बराचसा कामाच्या पद्धतीचा. विकिरणाने जाणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे १,४०० अंशांच्या वरच्या धातूचे तोंड उघडे ठेवणे फार महागात पडते. झाकण असते, पण चार्ज टाकायला अडचण होते म्हणून भिंतीला टेकवून ठेवलेले असते. धातू तयार झाला आणि साचे तयार नाहीत, किंवा स्पेक्ट्रो रिपोर्ट यायचा आहे, म्हणून भट्टी वीस मिनिटे धरून ठेवली जाते. ओतताना गार पडू नये या भीतीने धातू पन्नास अंश जादा तापवला जातो, त्याचे टनामागे दहा-पंधरा युनिट. रनर-रायझरचे परतीचे तुकडे वाळूसकट भट्टीत जातात. ती वाळूही वीज खाऊन वितळते आणि स्लॅग होऊन बाहेर काढावी लागते.

सर्वांत मोठी बचत भट्टीपासून दूर, पॅटर्न शॉपमध्ये लपलेली असते. ओतलेल्या धातूपैकी विकण्याजोगी कास्टिंग किती, हा यील्डचा आकडा ६० टक्के असेल तर एक टन मालासाठी १.६७ टन धातू वितळवावा लागतो. यील्ड ६५ टक्क्यांवर गेला तर १.५४ टन पुरतो. टनाला ६०० युनिट धरले तर विक्रीच्या प्रत्येक टनामागे सुमारे ७७ युनिट वाचतात. रायझरची जागा आणि आकार सुधारून, आज संगणकावर सिम्युलेशन करून, हे साधते. नापास कास्टिंगचेही गणित असेच आहे: त्यात गेलेली वीज परत मिळत नाही, तुकडा पुन्हा भट्टीत जातो तेव्हा दुसऱ्यांदा खर्च होते. म्हणून फाउंड्रीने महिन्याच्या बिलाची रक्कम पाहण्यापेक्षा टनामागे युनिट हा आकडा ठेवावा. उत्पादन घटले की बिलही घटते, त्याला बचत म्हणणे ही स्वतःची फसवणूक.

मोटरच्या बाबतीत विक्रेत्यांचा उत्साह थोडा आवरून ऐकावा. १५ किलोवॉटची मोटर पूर्ण भारावर वर्षाला ६,००० तास चालली तर सुमारे एक लाख युनिट, म्हणजे आठ लाख रुपयांची वीज घेते. तिच्या किमतीच्या अनेक पट. त्यामुळे कार्यक्षमतेचा एक-दीड टक्काही महत्त्वाचा, हे खरे. पण आयई२ वर्गाची चांगली चालणारी मोटर काढून आयई३ बसवली, तर ९०.६ वरून ९२.१ टक्के एवढाच फरक पडतो आणि वर्षाला १,६०० च्या आसपास युनिट वाचतात. तेरा हजारांच्या बचतीसाठी चालू मोटर मोडीत काढण्यात अर्थ नाही. ती जळते त्या दिवशी मात्र निर्णय फिरतो. आधीच दोन-तीनदा रिवाइंड झालेली मोटर पुन्हा रिवाइंडिंगला पाठवली की दर वेळी थोडी कार्यक्षमता जाते, आणि तेव्हा नवी आयई३ घेणेच फायद्याचे. व्हीएफडीचे तसेच. पंखा आणि सेंट्रिफ्यूगल पंप यांची वीज वेगाच्या तिसऱ्या घाताने बदलते. वेग ८० टक्के केला की वीज ५१ टक्क्यांवर येते. डस्ट कलेक्टरचा ब्लोअर डँपर अर्धा बंद करून किंवा पंप व्हॉल्व्ह आवळून चालवला जात असेल, तर तिथे व्हीएफडी लगेच बसवावा. सतत पूर्ण वेगाने लागणाऱ्या यंत्रावर तो बसवला तर वाचत काहीच नाही, उलट त्याचा स्वतःचा तोटा आणि हार्मोनिक्स पदरी पडतात.

शेडमधले २५० वॉटचे जुने मेटल हॅलाइड दिवे जाऊन १०० वॉटचे एलईडी आले, छतात काही पारदर्शक पत्रे बसले आणि ते वर्षातून एकदा धुतले गेले, की प्रकाशाचा विषय जवळपास संपतो. ऑफिसात ७५ वॉटच्या पंख्याऐवजी तीस वॉटच्या आतला बीएलडीसी पंखा आणि २४ अंशांवर ठेवलेला एसी पुरे. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबाने एसीचे तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. मशीन शॉपच्या बिलात हा हिस्सा लहान. बँक, हॉटेल, दवाखाना यांच्या बिलात मात्र एसी हाच मुख्य.

हे सगळे स्वतःच करायला हवे असे नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, आणि त्याखालील ऊर्जा दक्षता ब्यूरो २००२ पासून काम करतो. त्याची परीक्षा उत्तीर्ण झालेले प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक मिळतात. राज्यात महाऊर्जा ही त्या कामाची सरकारी संस्था. लेखापरीक्षकाचा अहवाल चांगला आहे की नाही हे त्यातल्या मोजमापांवरून कळते. पाट्यांवरचे आकडे उतरवून काढलेली बचत आणि प्रत्यक्ष भार मोजून काढलेली बचत यांत मोठे अंतर असते.

सौरऊर्जेचा क्रम या सगळ्यानंतर लावावा, कारण गळती तशीच ठेवून वर पॅनेल बसवणे म्हणजे फुटक्या माठात जास्त पाणी ओतणे. महाराष्ट्रात एक किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास देते आणि त्याला सुमारे दहा चौरस मीटर छत लागते. १०० किलोवॉटमधून वर्षाला अंदाजे १.४ लाख युनिट मिळतात. स्वतःचे छत पुरत नसेल तर २०२२ च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनी १०० किलोवॉटपासूनच्या ग्राहकाला बाहेरून अपारंपरिक वीज विकत घेण्याची वाट खुली केली आहे. हिशेब करताना दोन गोष्टी विसरल्या जातात. पॅनेल जी वीज वाचवते ती दुपारची, म्हणजे नव्या दररचनेत स्वस्त झालेली. आणि मागणी आकार त्याने कमी होईलच असे नाही. सर्वोच्च भार संध्याकाळी किंवा ढगाळ सकाळी लागला तर तो पूर्वीइतकाच नोंदला जातो.

पॅनेल लागल्यावर पॉवर फॅक्टर बिघडल्याची तक्रारही याच वेळी येते. कारखान्याचा भार १०० किलोवॉट आणि निष्क्रिय भार ३३ केव्हीएआर आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर ०.९५. आता ७० किलोवॉट सौरऊर्जेतून आले. ग्रिडकडून ३० किलोवॉट उरतात, पण केव्हीएआर तेच ३३ राहतात. मीटरला दिसणारा पॉवर फॅक्टर ०.६७ वर येतो आणि ३० किलोवॉटसाठी सुमारे ४५ केव्हीएचे बिल होते. म्हणून एपीएफसी पॅनेलचा सीटी (करंट ट्रान्स्फॉर्मर) सौर जोडणीच्या मागे, ग्रिडच्या बाजूला घ्यावा लागतो, छोट्या क्षमतेचे कपॅसिटर वाढवावे लागतात, आणि इन्व्हर्टरमध्ये रिअॅक्टिव्ह पॉवर देण्याची सोय असेल तर ती कंत्राटदाराकडून पहिल्याच दिवशी चालू करून घ्यावी लागते.